बंद पडलेला रेडिओ घ्यावा, चालू करून दाखवलेला नको

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘चालू आहे का?’ विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं. तो पिन सॉकेटमध्ये घालतो, डायलमागचा दिवा लागतो, अर्ध्या मिनिटात घरघर येते, खरखरीतून एखादं स्टेशन डोकावतं आणि तिथल्या तिथे किंमत चढते. या लेखाचं म्हणणं नेमकं उलटं आहे. साठ-सत्तर वर्षांचा रेडिओ चालू असणं हा त्याचा गुण नाही, आणि तो बंद असणं हा दोष नाही. ज्या भागांमुळे तो बंद असतो ते बहुतेक स्वस्त असतात आणि आजही मिळतात. जे भाग एकदा गेले की परत मिळत नाहीत, त्यांचा तो लागतो की नाही याच्याशी फारसा संबंधच नसतो. म्हणून किंमत ठरवताना पाहायचं ते एवढंच, की यात न मिळणारं काय काय शाबूत आहे. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाड्यांच्या माळ्यांवर, बंद झालेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात जे संच निघतात, त्यांना ही कसोटी लावली तर बरेच पैसे आणि त्याहून जास्त मनस्ताप वाचतो.

या भागात रेडिओ आले कसे हे आधी पाहिलं पाहिजे, कारण त्यावरच हाती कोणत्या जातीचा संच लागेल हे ठरतं. मुंबईचं केंद्र १९२७ साली सुरू झालं, पण नगरकरांना जवळचं म्हणावं असं पुणे केंद्र १९५३ मध्ये आलं. रस्त्याने सव्वाशे किलोमीटरवरचं हे केंद्र मध्यम लहरींवर सहज ऐकू येई. लघुलहरींवर रेडिओ सिलोन होतं. तिथली बिनाका गीतमाला १९५२ पासून, आणि आकाशवाणीची विविध भारती १९५७ पासून. मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्ही, एको, जीईसी, टेलिरॅड या नावांचे संच त्या काळात घराघरांत पोचले. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. पुढे १९६०च्या दशकात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्हही देशात बनवायला घेतले. त्याआधी, १९५६ मध्ये, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ-मंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. त्या वेळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती; राज्य वीज मंडळ स्थापन झालं तेच १९६० साली. म्हणजे शहरातला रेडिओ विजेवरचा आणि खेड्यातला बॅटरीवरचा, अशी सरळ विभागणी होती.

आज माळ्यावरून खाली येणारा संच म्हणूनच तीनपैकी एका जातीचा असतो. पहिली जात ट्रान्स्फॉर्मर असलेल्या एसी संचांची. यात विजेच्या लाइनचा आणि लोखंडी चॅसीचा थेट संबंध नसतो. दुरुस्तीला आणि वापराला हीच जात सर्वांत बरी, आणि आवाजाच्या दृष्टीने चांगले म्हणावेत असे मोठे संच याच जातीत सापडतात. दुसरी जात एसी-डीसी संचांची. काही शहरांत तेव्हा डीसी वीजपुरवठा होता, त्यासाठी हे संच निघाले; ट्रान्स्फॉर्मर नसल्याने ते स्वस्तही पडत. यांच्या व्हॉल्व्हचे क्रमांक बहुधा ‘यू’ या अक्षराने सुरू होतात: यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५. या संचात चॅसी विजेच्या एका तारेला थेट जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्ख्या चॅसीवर २३० व्होल्ट. बटण निखळून नुसती दांडी उरली असेल, तर आवाज वाढवायला गेलेल्या हाताला शॉक बसतो. तिसरी जात बॅटरी संचांची. डीके९६, डीएफ९६ अशा नाजूक व्हॉल्व्हना एकीकडे दीड व्होल्ट आणि दुसरीकडे ९० व्होल्ट लागतात. ते मोठे बॅटरी पॅक आता बनत नाहीत, पण नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडल्या की ९० व्होल्ट होतात. जोडणी चुकून ९० व्होल्ट दीडच्या जागी गेले, तर सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एका क्षणात जळतात. कोणती जात हाती आहे हे व्हॉल्व्हचे क्रमांक वाचून कळतं. त्यासाठी वीज जोडायची गरज नाही.

आता वीज का जोडायची नाही ते पाहू. साऱ्या दुरुस्तीचं मर्म एका कंडेन्सरमध्ये आहे. आवाज वाढवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हकडून आवाज शेवटच्या आउटपुट व्हॉल्व्हकडे पोचवायचा, पण मधलं डीसी व्होल्टेज अडवायचं, हे त्याचं काम. त्याच्या एका टोकाला सुमारे १०० व्होल्ट असतात. दुसरं टोक आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला, आणि तिथून चॅसीपर्यंत साधारण १ मेगओहमचा रेझिस्टन्स. जुने कंडेन्सर कागदाचे. कागद वर्षानुवर्षं दमट हवा ओढतो आणि अडवायचं काम सोडून झिरपू लागतो. गळती १०० मेगओहमएवढी झाली तरी ग्रिडवर जवळपास एक व्होल्ट चढतो. २० मेगओहमवर आली की पावणेपाच. ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह घेतला तर त्याच्या ग्रिडला कॅथोडच्या मानाने सुमारे ७ व्होल्ट ऋण लागतात. २५० व्होल्टवर तो नेहमीच ४८ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे १२ वॅट उष्णता, आणि कंपनीने ठरवून दिलेली मर्यादाही १२ वॅटचीच आहे. वर जायला जागाच नाही. ग्रिड दोन-चार व्होल्टनी धन झाली की प्रवाह भसकन वाढतो, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते, मग आउटपुट ट्रान्स्फॉर्मरची बारीक तार जाते आणि शेवटी मेन ट्रान्स्फॉर्मर तापतो. गंमत अशी की हे सगळं होत असताना रेडिओ वाजत असतो. नवख्या कानाला फार तर आवाज थोडा फाटल्यासारखा वाटतो. साध्या मल्टिमीटरची वरची मर्यादा बहुधा २० किंवा ४० मेगओहम असते, म्हणून १०० मेगओहम गळणारा कंडेन्सर त्यावर निर्दोष दिसतो. दुकानात पाच मिनिटं वाजवून दाखवलेला रेडिओ असा पाच-पाच मिनिटांनी मरत असतो.

‘चालू’ संचात आणखी एक धोका असतो: तो चालू कसा केला, हा. विकण्यासाठी घाईने केलेल्या दुरुस्तीच्या खुणा ओळखीच्या आहेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार. गेलेल्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी बीवाय१२७ सारखा सिलिकॉन डायोड. हा डायोड स्वस्त आणि दणकट. पण व्हॉल्व्ह तापायला जी पंधरा-वीस सेकंदं घेतो ती तो घेत नाही. बटण दाबताच पूर्ण व्होल्टेज, तेही नेहमीपेक्षा चढं, थंड संचावर आदळतं आणि जुने फिल्टर कंडेन्सर फुटतात. सर्वांत वाईट म्हणजे आतलं कॉइल-पॅक आणि आयएफटी (इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्स्फॉर्मर) कापून टाकून त्या जागी एफएम-यूएसबीची आयती किट बसवलेली असते. मागे व्हॉल्व्ह नुसते शोभेला उजळत ठेवतात. असा संच हमखास वाजतो, स्पष्ट वाजतो, आणि रेडिओ म्हणून त्याची किंमत शून्य असते. याउलट वीस-तीस वर्षं कुणी हात न लावलेला, धुळीने भरलेला, लायसनचं पोस्टाचं जुनं पुस्तक अजून पेटीत असलेला संच बंद असतो, पण त्यात काय बिघडलं असणार हे आधीच माहीत असतं.

मग वीज न जोडता तपासायचं काय? मागचं झाकण काढून व्हॉल्व्ह मोजावेत आणि त्यांचे क्रमांक झाकणावरच्या किंवा चॅसीवरच्या कागदाशी ताडावेत. प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चांदीसारखा चकचकीत ठिपका असतो. तो चंदेरी असेल तर आतली निर्वात पोकळी शाबूत आहे. दुधी पांढरा झाला असेल तर हवा शिरली आणि व्हॉल्व्ह संपला. गँग कंडेन्सरच्या पात्या एकमेकींना न घासता फिरतात का, बँड स्विच प्रत्येक घरात टक्कन बसतो का, कॉइलच्या केसासारख्या तारा तुटल्यात का, आयएफटीचे स्क्रू कुणी पिळून चेपलेत का, हे बॅटरीच्या उजेडात दिसतं. संचाचा प्लग सॉकेटमधून काढलेला असताना मल्टिमीटर प्लगच्या दोन पिनांना लावून रेडिओचं बटण चालू केलं, की मेन ट्रान्स्फॉर्मर असलेल्या संचात काही दशक ओहम दाखवायला हवेत. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या वरच्या वेटोळ्यात काही शेकडा. स्पीकरचा कागद बोटांनी हळूच, सगळीकडून सारखा दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी आहे. शेवटी डायलची काच. सिलोन, दिल्ली, लाहोर, मुंबई ही नावं तिच्या आतल्या बाजूला छापलेली असतात आणि ओल्या फडक्याने एका फटकाऱ्यात पुसली जातात. तशी दुसरी काच मिळवायला तोच संच पुन्हा शोधावा लागतो. ही काच, कॉइल-पॅक, बँड स्विच, मूळ बटणं आणि न फुगलेली लाकडी पेटी एवढं धड असेल, तर बाकीचं सगळं मेलेलं असलं तरी सौदा चांगला.

यावर पहिला आक्षेप असा, की बाकीचं मेलेलं असताना ते मिळणार कुठून? व्हॉल्व्ह बनायचे बंद झाले ना? हे अर्धसत्य आहे. ईएल८४ आणि ईसीसी८३ हे व्हॉल्व्ह गिटारच्या अँप्लिफायरांत चालतात, म्हणून रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही बनतात. ईसीएच८१ किंवा ईबीएफ८९ सारखे रेडिओचेच व्हॉल्व्ह बनत नाहीत, पण कोट्यवधींनी बनले होते. जुना साठा पुण्याच्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत विचारत गेलं तर निघतो. रेडिओचे आतले व्हॉल्व्ह आउटपुट व्हॉल्व्हच्या मानाने फार कमी झिजतात, हेही लक्षात ठेवावं. अपवाद ट्यूनिंग दाखवणाऱ्या मॅजिक आयचा. ती हिरवी पट्टी मंदावली की उजळत नाही, आणि नवी महाग पडते. पण ती मंद असली तरी रेडिओला फरक पडत नाही. कागदी कंडेन्सरच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर, फिल्टरच्या जागी ४५० व्होल्टचे नवे, आणि मूल्य वीस टक्क्यांहून जास्त चढलेले रेझिस्टन्स तेवढे बदलायचे. या सगळ्याचा खर्च एखाद्या बऱ्या व्हॉल्व्हपेक्षा फार वर जात नाही. ट्रान्स्फॉर्मरच्या बाबतीत तर हा जिल्हा सुदैवी आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणारे कारागीर इथे तालुक्याच्या प्रत्येक बाजारगावात आहेत. तार सोडवताना वेढे मोजून, तारेचा गेज मापून मेन ट्रान्स्फॉर्मर भरणं त्यांच्या आवाक्यातलं काम आहे. आउटपुट ट्रान्स्फॉर्मर मात्र वेगळा. त्यात केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात आणि चांगल्या संचात ते थराथरांनी, एकाआड एक वाटून घातलेले असतात. ती मांडणी चुकली तर आवाजाची वरची आणि खालची दोन्ही टोकं जातात. म्हणून खरेदीच्या वेळी आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जिवंत असणं मेन ट्रान्स्फॉर्मरपेक्षा महत्त्वाचं.

आवाजाचा मुद्दा आला की ‘हाय-फाय’ हा शब्द येतो, आणि विकणारे तो कुठल्याही मोठ्या पेटीला लावतात. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमधलं अंतर आपल्याकडे ९ किलोहर्ट्झ असतं. शेजारचं केंद्र आत घुसू नये म्हणून संच जेवढी अरुंद वाट ठेवतो, तीतून साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज येतो. संच कितीही भारी असो, या लहरींवर हाय-फाय शक्य नाही. ते दिसतं दोनच ठिकाणी: रेकॉर्ड प्लेअरसाठी मागे दिलेल्या ‘पीयू’ छिद्रांतून, आणि एफएमवर. भारतात एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं. तोवर व्हॉल्व्ह रेडिओंचा जमाना सरला होता. म्हणून देशी व्हॉल्व्ह संचांत एफएम नसतं. जर्मनीत उलट घडलं. १९४८च्या कोपनहेगन परिषदेत युरोपातल्या मध्यम लहरी वाटल्या गेल्या, तेव्हा युद्धात हरलेल्या जर्मनीच्या वाट्याला फार थोड्या आल्या. नाइलाजाने त्यांनी एफएमची कास धरली, आणि ग्रुंडिग, टेलिफुंकेन, साबा यांनी १९५०च्या दशकात त्याला साजेसे संच काढले: रुंद पेटी, पुढे मोठा लंबगोल स्पीकर, दोन्ही कुशींत छोटे स्पीकर, बास आणि ट्रेबल वेगळे. परदेशातून कुणीतरी आणलेले असे संच अधूनमधून इकडेही निघतात. त्यांची एफएम पट्टी बहुधा ८७ ते १०० मेगाहर्ट्झची असते. आकाशवाणीचं नगर केंद्र आहे १००.१ वर, म्हणजे नेमकं पट्टीच्या काठावर. ट्यूनरचा ट्रिमर किंचित सरकवला की ते आत येतं. नगरच्या स्नेहालय संस्थेचा समुदाय रेडिओ ९०.४ वर, तो तर सरळ पट्टीतच. खऱ्या अर्थाने हाय-फाय संच हवा असेल तर शोध या जातीचा घ्यावा; मर्फी किंवा बुश घ्यायचा तर तो हाय-फाय म्हणून घेऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: एवढं करून ऐकायचं काय? आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपकं बंद केली. बीबीसीची हिंदी लघुलहरींवरची सेवा जानेवारी २०२० अखेर थांबली. सिलोनचा तो जुना जोर तर कधीच ओसरला. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर आज काय लागतं याच्या भरवशावर रेडिओ घेणं शहाणपणाचं नाही, कारण उद्या ते न लागण्याचीच शक्यता मोठी. त्यातून आजच्या घरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सोलर इन्व्हर्टर मध्यम लहरींवर सतत खरखर ओततात. यावर जुनाच उपाय अजून चालतो: घरात अडकवायची तारेच्या जाळीची पट्टी सोडून बाहेर दहा-पंधरा मीटरची एरियल बांधायची, पावसाळ्यात ती उतरवायची किंवा अरेस्टर लावायचा, आणि जमिनीत नीट अर्थ द्यायचा. पण खरं उत्तर वेगळंच आहे. मागची ‘पीयू’ छिद्रं कंपनीनेच बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी दिली होती. फोन किंवा छोट्या एफएम रेडिओचे डावे-उजवे दोन्ही आवाज हजार-हजार ओहमच्या दोन रेझिस्टन्समधून एकत्र करून तिथे दिले, की संचाचा आवाजाचा सगळा भाग जसा बनवला तसाच वापरात येतो आणि एकही मूळ तार कापावी लागत नाही. एसी-डीसी संचाला मात्र अशी जोडणी मधे आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर असल्याशिवाय कधीही करू नये. नाहीतर फोनच्या वायरीवर घरची लाइन येते.

तिसरा आक्षेप चिकित्सक वाचकाचा. आजचा साधा स्पीकरही मोजमापात याला मागे टाकतो, मग व्हॉल्व्हच्या ‘गोड’ आवाजाची भलामण कशाला? हा आक्षेप मान्य करायला हवा. एक ईएल८४ पूर्ण जोरात पाच-साडेपाच वॅट देतो आणि तेव्हा आवाजात दहा टक्के विकृती असते. आजच्या अँप्लिफायरला एवढ्यात नापास करतील. पण घरातल्या खोलीत त्या स्पीकरला अर्धा वॅटही पुरतो आणि तिथे विकृती बरीच खाली असते. शिवाय आवाजाचं श्रेय व्हॉल्व्हला जेवढं देतात तेवढं त्याचं नाही. आठ-दहा इंची हलक्या कागदाचा स्पीकर, मागून उघडी रुंद लाकडी पेटी आणि चांगला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर, हे तिघं मिळून माणसाच्या गळ्याची पट्टी भरदार करतात. जुनी नाट्यगीतं, भजनं, बातम्या ध्वनिमुद्रित किंवा प्रसारित झाल्या तेव्हा त्यांची व्याप्तीच तेवढी होती, म्हणून या संचावर त्या जागच्या जागी वाटतात. आजचं ढोलताशांचं मुद्रण यावर उघडं पडेल. पण या लेखाचा मुद्दा आवाजावर उभा नाहीच. साठ वर्षांनंतर आतला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, त्याचं काम कागदावरच्या आकृतीत सापडतं, आणि तो सोल्डरिंग गनने काढून तिथे दुसरा बसवता येतो, हे या यंत्राचं खरं मोल आहे. आजच्या ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी संपली की तो कचरा होतो. बंद रेडिओ घ्यावा हे म्हणणं टिकतं ते यामुळेच. दुरुस्त करताच आलं नसतं, तर चालू असलेलाच घ्यावा लागला असता.

पेटीच्या बाबतीत जिल्ह्याची हवा मदत करते आणि घातही करते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत चॅसी गंजते आणि कॉइलच्या तारांवर हिरवी बुरशी चढते. नगरच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत लोखंड आणि तांबं बरं टिकतं. पण उन्हाळ्यात माळ्यावरच्या तापाने सरस सुटतो आणि व्हिनिअरचे पापुद्रे उचलतात. जमिनीवर ठेवलेल्या पेटीला वाळवी लागते आणि मागून उंदीर शिरून वायरी कुरतडतात. सुटलेला पापुद्रा सरसाने दाबून बसवावा. पॉलिश पेपरने घासू नये, कारण व्हिनिअर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचं असतं आणि घासलं की खालचं पांढरं लाकूड उघडं पडतं. सुताराला साफ सांगावं, की मेलामाइनचा चकचकीत थर नको. लाखेचं स्पिरिट पॉलिश पुरे, कारण ते पुन्हा काढता येतं. पेटी जुनी आणि थोडी घासलेली दिसली तर बिघडत नाही. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही.

चौथा आक्षेप दोन विरुद्ध टोकांकडून येतो. एक टोक म्हणतं, जुन्या वस्तूला हात लावूच नका, एक कंडेन्सर बदलला की अस्सलपणा गेला. दुसरं म्हणतं, पेटी तेवढी ठेवा, आत नवं भरा. दोन्ही चुकीची, आणि दोघांना उत्तर एकच. कागदी कंडेन्सर बनवणाऱ्याच्या दृष्टीनेही ते झिजणारे भागच होते. दुरुस्तीची दुकानं त्याच काळात ते बदलत होती. ते बदलणं म्हणजे संच जसा वापरला जायचा तसाच वापरणं. कॉइल-पॅक कापून ब्लूटूथ भरणं ही दुरुस्ती नाही, कारण त्यातून मागे फिरता येत नाही. कसोटी सोपी आहे: केलेला बदल उद्या काढून मूळ स्थिती आणता येईल का? येत असेल तर करावा. फिल्टर कंडेन्सरचा जुना अॅल्युमिनिअमचा डबा चॅसीवर तसाच ठेवून नवे खालून बसवता येतात. हा बदल कसोटीला उतरतो. पेटीला भोक पाडून यूएसबी काढणं उतरत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना घाई नको. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडून संच लावावा. बल्ब लख्ख पेटला तर ट्रान्स्फॉर्मरमध्ये शॉर्ट आहे. क्षीण तांबडा राहिला तर पुढे जावं. मग रेक्टिफायर बसवून तेच पुन्हा. चॅसीत २५०-३०० व्होल्ट फिरतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ राहतात. आत हात घालण्याआधी ते रेझिस्टन्समधून उतरवावेत, आणि हे कधी केलं नसेल तर जाणत्या मेकॅनिकच्या हातूनच करावं. व्होल्टेजचं गणितही नव्याने मांडावं लागतं. संचाच्या मागे ११०, १२७, २२०, २४५ असा निवडीचा खटका असतो आणि बहुतेक तो २२० वर असतो. डीपीजवळच्या घरात रात्री शेतीपंप बंद असताना लाइन २५० व्होल्टपर्यंत चढली, तर २२० च्या खटक्यावर व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या तारेला ७.१६ मिळतात आणि तिचं आयुष्य घटतं. तो खटका २४५ वर न्यावा. पैसा लागत नाही, आणि व्हॉल्व्ह मात्र टिकतात.

राहता राहिला पैशांचा हिशोब. एकूण जेवढी रक्कम घालायची, तिचा निम्मा भागच संचाच्या किमतीत जावा. उरलेला सुटे भाग, ट्रान्स्फॉर्मर आणि मेकॅनिकच्या मजुरीसाठी राखून ठेवावा. विकणारा चालू असल्याचे जास्त पैसे मागत असेल, तर ते पैसे आपण पुन्हा कंडेन्सर बदलण्यातच घालणार आहोत हे लक्षात घेऊन ते देऊ नयेत. आणि काम झालं की काय बदललं, किती मूल्याचं बदललं, कोणत्या तारखेला आणि कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट आले, हे एका कागदावर लिहून सर्किटच्या नकाशासोबत मागच्या झाकणाच्या आतून चिकटवावं. काढलेले जुने कंडेन्सर पाकिटात घालून तिथेच ठेवावेत. नीट दुरुस्त झालेला संच आणखी तीस-चाळीस वर्षं चालू शकतो, पण तेवढ्या काळात नवे कंडेन्सरही जुने होतील. तेव्हा तो उघडणाऱ्या मेकॅनिकला अंदाज बांधत बसावं लागू नये, एवढी सोय आज करून ठेवणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.